तलफ म्हणायचं नाही?

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या दुकानातून हापूसची पेटी आणली. दहा आंबे, त्यातला एक देठापाशी काळवंडलेला. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘वर्षाची तलफ भागली एकदाची.’ पाच मिनिटांत दादाचं, म्हणजे आत्येभावाचं, उत्तर आलं. ‘तलफ विडीकाडीची येते. आंब्याची ओढ असते. शिवाय तलफ आपला शब्दच नाही, अरबी तलबेचा भाऊ आहे तो. अभिजात भाषेचे वारसदार ना आपण?’ खाली तीन अंगठे आणि एक जोडलेले हात.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून दादा ग्रुपवर प्रत्येक शब्दाची झडती घेतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा सरकारी आदेश निघाला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या भांडणात मी त्याच्याच बाजूची होते, रात्री जागून मेसेज लिहिले होते. पण हिंदीला दारातून घालवून झाल्यावर हा माणूस आता घरातली भांडी तपासायला लागलाय. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, हा त्याचा हुकमी एक्का. (‘हुकमी’ कुठून आला, हे मी विचारलं नाही. मोठा भाऊ आहे.) सावरकरांनी दिलेला ‘महापौर’ मलाही आवडतो. मात्र दादाने जन्मभर घेतलेला ‘पगार’ पोर्तुगीज आहे आणि ज्यावरून हे सगळं सुरू झालं तो हापूससुद्धा अफोंसोचा, याला काय करायचं?

तेव्हा मी काही बोलले नाही. त्याच आठवड्यात लेक एसएटीचे, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे, शब्द घोकत होती, त्यात ‘येन’ आला. ‘आई, हे जपानी पैसे ना?’ मीही आधी तेच समजले. जपानी येनचा अर्थ ‘गोल’, तो वेगळा. इंग्रजीत ‘टु हॅव अ येन फॉर समथिंग’ म्हणजे एखाद्या गोष्टीची फार, आतून ओढ लागणं. मला वाटलं, ‘यर्न’ म्हणजे झुरणं, हा त्याचाच आखूड झालेला धाकटा भाऊ असेल. तर तसंही नाही. ‘यर्न’ जुनं इंग्रजी, जर्मन ‘गेर्न’च्या नात्यातलं. दोघांचा सूर जुळला म्हणून ‘येन’ रुळायला मदत झाली, एवढंच.

‘येन’ आला दक्षिण चीनमधल्या कँटोनीजमधून. मूळ शब्दाचा उच्चार साधारण ‘यान’, आणि अर्थ अगदी सरळ: तलफ. अफूची. चिनी लिपीत तो लिहितात तेव्हा बाहेरून आजाराची खूण असते आणि आत ‘लपलेलं’ या अर्थाचं अक्षर. ते आतलं अक्षर उच्चारासाठी घातलेलं आहे, हे मला कळतं, तरी त्या दिवशी मी ते चिन्ह मोठं करून बराच वेळ बघत बसले होते. काही कोश त्याचं नातं उत्तरेकडच्या चिनीतल्या ‘धूर’ या अर्थाच्या शब्दाशीही लावतात. अमेरिकेतल्या अफूच्या अड्ड्यांवर ‘येन-हॉक’ म्हणजे गोळी शेकायची सळई आणि ‘येन-शी’ म्हणजे नळीत उरलेली राख, हेही शब्द होतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ‘येन’ फक्त अफूबाजाचा होता. विसावं लागलं आणि तो कुणाच्याही कशाच्याही ओढीला लागू झाला. आता इथल्या ऑफिसातली कुठलीही सभ्य बाई ‘आय हॅव अ येन फॉर पाय’ म्हणते आणि कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही.

मग मी दादाला लिहायला बसले. उत्तर लांबलं, मिसळपावाच्या तर्रीसारखं वर वर येत राहिलं. लिहिलं की बाबा रे, या शब्दात आपलाही हात आहे. माळव्याची, म्हणजे होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, पाटणा-बनारसची कलकत्त्यातून. ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे, ते जमशेटजी जीजीभॉय कापसाबरोबर याच व्यापारात मोठे झाले. चीनने अफू अडवली म्हणून १८३९ ला युद्ध झालं, १८४२ ला इंग्रजांनी हाँगकाँग घेतलं. हाँगकाँगलगतच्या ग्वांगडाँग किनाऱ्यावरची माणसं १८४९ नंतर सोन्यासाठी आणि पुढे रेल्वे बांधायला कॅलिफोर्नियात उतरली. रूळ १८६९ मध्ये जोडले गेले. नळी आली, सळई आली, शब्द आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळीतली अफू माळव्याची होती की पाटण्याची, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मी मुद्द्याचं सांगते. इंग्रजीने अड्ड्यावरचा शब्द उचलून कोशात बसवला आणि आज शाळेतल्या पोरांकडून घोकून घेते. म्हणून ती भाषा मोठी. आपण तलफेला चपला बाहेर काढायला लावतो.

‘पाठवा’वर बोट ठेवलं. पाठवलं मात्र नाही.

कारण मागच्या ऑक्टोबरात आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडला गेलो होतो. टिब्युरॉनहून फेरी, बरोबर सँडविच, लेकीच्या तोंडावर ‘पुन्हा म्युझियम?’ हा भाव. १९१० ते १९४० या बेटावर येणाऱ्यांना अडवून ठेवायचं ठाणं होतं. चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा १८८२ चा, उठला १९४३ ला, आणि तोही वर्षाला १०५ जणांपुरता. त्या बंदीतून ज्यांना सूट होती, त्यांनाही इथे आठवडे, महिने प्रश्नोत्तरांसाठी बसवत. तुमच्या घराला किती पायऱ्या, विहीर कुठल्या दिशेला. त्या माणसांनी बराकीच्या लाकडी भिंतींत कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून वर रंग मारला. वर्षांनी लांबी आक्रसली आणि अक्षरं पुन्हा वर आली. तिरक्या उजेडात दिसतात. एका ओळीवर मी हात न लावता बोट फिरवलं. वाचता आलं नाही, पण प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी चाकू कुठे अडकलाय ते कळत होतं. त्या बेटावर आपल्याकडचेही लोक अडकले होते, बरेचसे पंजाबी.

म्हणजे शहरात ‘येन’ रुळत होता, ज्यांचा तो होता त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, आणि त्यांनी आपल्या भाषेत लिहिलेलं रंगाखाली गेलं होतं. १८७५ मध्ये अफूच्या अड्ड्यांविरुद्ध कायदा करणारंही हेच सॅन फ्रान्सिस्को. हे दादाला सांगितलं असतं, तर माझ्या ‘मोठ्या मनाच्या इंग्रजी’चं काय झालं असतं? म्हणून सोयीस्कर तेवढं लिहिलं, आणि तेवढं लिहून पाठवायचीही लाज वाटली.

आता खरं सांगते. मी २००६ ला इथे एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, आले. एच-फोरवाल्या काही बायकांना काम करायची परवानगी मिळण्याचा नियम निघाला २०१५ ला. मधली नऊ वर्षं घरात. रात्री नऊला, म्हणजे तिकडे सकाळी साडेनऊला, फोनकार्ड नाण्याने खरवडायचे, आणि आकडे चुकले की हात थरथरायचे. निफाडला आई तेव्हा ओट्याशी भाजी निवडत असायची. बोलायला विशेष काही नसायचं. ती गवार मोडायची त्याचा टक् टक् आवाज आणि शेंग ताटात पडली की होणारा बारीक आवाज मला हवा असायचा. तीही फोन बाजूला ठेवून निवडत राहायची. कार्डावरची बाई ‘एक मिनिट उरलं’ सांगायची आणि मी दुसरं कार्ड शोधायला ड्रॉवर उचकायचे. नवरा म्हणायचा, परवाच तर बोललीस. याला ओढ म्हणायचं? ओढ पाहुण्यांसमोर सांगता येते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या होफर या डॉक्टरने १६८८ ला घरच्या आठवणीने झुरणाऱ्यांसाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव बनवलं, ते रोगाचं नाव म्हणून. तो डॉक्टर मला जवळचा वाटतो. त्याने निदान औषध शोधलं, कोश उघडून बसला नाही.

पण कोश उघडून बसणारी मीही आहेच. लेक सहा वर्षांची असताना म्हणाली होती, ‘आई, मला आजीची तलफ आली.’ बाबा चहाची म्हणतात तशी. मी लगेच दुरुस्त केलं: माणसाची तलफ येत नसते, आठवण येते. तिने मान डोलावली. पुढे तिने ‘आठवण’ही सोडली, ‘आय मिस आजी’ म्हणते आणि मी तेही दुरुस्त करते. माझं मराठी २००६ सालचं आहे, झाकण लावून ठेवलेलं. दादाच्या मुलांनी ‘भारी’ आणि ‘जाम’ कुठल्या कुठे नेलेत आणि मला ग्रुपवरच्या अर्ध्या विनोदांना नुसता अंगठा द्यावा लागतो.

शेवटी दोनच ओळी पाठवल्या. इंग्रजीतही अफूच्या तलफेवरून ओढीसाठी शब्द आलाय, असं. दादाचं उत्तर: ‘चिन्यांचं चिन्यांपाशी. आंबे गोड निघाले का?’

निघाले तसे. खोक्यावर विकिरणाची, म्हणजे कीड मारायला किरण दिल्याची, ती हिरवी फुलाची खूण होती. २००७ ला अमेरिकेने आंब्याला दार उघडलं, तेव्हा हे किरण द्यायची सोय लासलगावला, कांद्यासाठी बांधलेल्या केंद्रात झाली. आता वाशीलाही होते. लासलगाव आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर. कोकणातला आंबा आमच्या दारावरून फिरून इथवर आला असेल, या हिशेबाने मी दरवर्षी ते खोकं आठवडाभर फेकत नाही.

मग दादाने लिहिलं, ‘मेमध्ये ये ना. तुझी आईही विचारत होती.’ मे महिन्यात इथली शाळा सुरू असते. सुट्टी लागते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आम्ही पोचतो तेव्हा पाऊस लागलेला, हापूस संपलेला. ही सबब लेक शाळेत जायला लागल्यापासूनची. त्याआधीच्या वर्षांची सबब वेगळी होती, आता नेमकी आठवत नाही.

‘तिकीट बघते’, असं लिहिलं. त्याने अंगठा दिला. हे चार दिवसांपूर्वी. तिकीट अजून बघितलेलं नाही.