दुभाष्या नवराच असतो

‘निर्वासित गर्भवती तपासणीला येत नाहीत, म्हणून घरची मारहाण कळत नाही’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. येतात हो! पण दुभाष्या म्हणून नवराच शेजारी उभा. मी गोव्यात, बार्देश तालुक्यात परिचारिका होते. बांधकामावरच्या कन्नड, ओडिया बायकांचंही हेच. सातव्या महिन्यात पोटावर वळ, आणि तो हिंदीत सांगणार, “न्हाणीत पाय घसरला.” वजन करायच्या निमित्ताने त्याला बाहेर काढायचं, तिच्या भाषेतली दुसरी बाई बोलवायची, एवढंच हातात असायचं. (तीही कधी त्याचीच वहिनी निघायची!)

आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईला नागरिकत्वाची अट घालत नाही, हे लेखात यायलाच हवं होतं. कागद नाहीत या भीतीनेच निर्वासित बायका गप्प बसतात.