कमरेला कट्टा लावताना घ्यावयाची काळजी

परवा मध्यरात्री आमच्या गल्लीत एका भावी नेतृत्वाचा वाढदिवस झाला. केक तलवारीने कापला, गावठी कट्ट्याने, म्हणजे घरगुती बनावटीच्या पिस्तुलाने, हवेत बार काढला, गोळी आमच्या पाण्याच्या टाकीत शिरली. या होतकरू पिढीसाठी काही सूचना.

कायदा वाचू नका. वाचलात तर कळेल की १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्याशिवाय शस्त्र विकणंच नव्हे, बनवणं, दुरुस्त करणं, चालवून बघणं हाही गुन्हा आहे. ‘मी कुठं विकला? घरच्यापुरता बनवला,’ असं न्यायाधीशांना जरूर सांगा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवणाऱ्याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. नुसता बाळगणाऱ्याला २ ते ५ वर्षं. स्वावलंबन महाग पडतं.

कट्टा नसला तरी खिशात एखादं जिवंत काडतूस असू द्या. कलम तेच लागतं.

आधी बनवा, मग परवाना काढायला जा. नळीवर कारखान्याचं नाव नाही, क्रमांक नाही. साहेब कौतुकाने बघतील आणि तिथंच बसवून ठेवतील.

ठेवायचा कुठे? अर्थात पँटमध्ये, पोटाशी, भरलेला. त्याला सेफ्टी नसते. घोडा काडतुसाच्या टोपीवरच टेकलेला असतो. बुलेटला किक मारताना धक्का बसला, कट्टा खाली पडला, की उडतो. नळीचं तोंड त्या वेळी मांडीकडे असतं किंवा त्याहून नाजूक जागी. मांडीतली धमनी तुटली तर ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत रक्त थांबत नाही. बरं, काढलात आणि चाप ओढलात. कारखान्यातल्या बंदुकीची नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून तपासतात, टिकली तरच शिक्का मारतात. तुमची नळी कसल्या पाइपची? त्या पोलादानं असला दाब जन्मात पाहिलेला नसतो. ती फाटते काडतुसाच्या घराशी, म्हणजे बरोब्बर तुमच्या बोटांजवळ. घर सैल असेल तर काडतुसाचं पितळ चिरतं आणि पेटता वायू मागे डोळ्यांत येतो. नळीत गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत, म्हणून गोळी कोलांट्या खात जाते. नेम शत्रूवर, लागते गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना. रिकामं काडतूस फुगून आतच अडकतं, ते काडीनं ढोसून काढायचं, आणि तोवर समोरच्यानं थांबायचं. याला तुम्ही स्वसंरक्षण म्हणता!

रील अवश्य टाका. गुन्हे शाखेला ‘खात्रीशीर बातमीदार’ शोधावा लागत नाही. नुसता हवेतला बार असला तरी त्याचं वेगळं कलम आहे: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय शस्त्रबंदीचा मनाई हुकूम लागू असेल तर तो मोडल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ सह १३५ जोडून मिळतं.

अरे, पण कुणाला दाखवताय हे? दहावीला तीनदा बसलात, आई लोकांची धुणी-भांडी करते, आणि तुम्ही पंधरा-वीस हजार त्या लोखंडात घातलेत. वकिलाची फी कोण भरणार? तुमचा भाई? तो पंचनाम्याच्या वेळी गावालाच गेलेला असतो. आणि फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून हात जोडून उभे राहणारे माजी नगरसेवक, तुम्हीसुद्धा ऐका: पोरांच्या कमरेला काय आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. निवडणुकीला तीच पोरं हवीत, मग जामिनाला उभं राहायला का लाज वाटते?