दूद पुरता गो?

डिसेंबरात धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण गोव्यात फोंड्याच्या घरी येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते, तेवढ्यात मावशीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. सांगणारे कुणी बाबा होते. आजकालच्या मुली फिगर सांभाळायला बाळाला डब्याचं दूध पाजतात, असं म्हणत होते. नाव कुणाचंच नव्हतं, पण बहिणीचं बाळ तिसऱ्या दिवसापासून वरच्या दुधावर आहे हे ग्रुपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. इथे आपले गोंयकार इतके आहेत की बसस्टॉपवर कोकणी सहज कानावर पडते. आम्ही घरात बोलतो कोकणी, वाचतो मराठी, आणि बाळंतपणात रडले ती मात्र इंग्रजीत. मुलगा झाला त्या वॉर्डात भिंतीभर पोस्टर होती, आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही म्हणणारी. ते पटवून दुसऱ्या दिवशी मला घरी पाठवलं. नवरा गोदामात रात्रपाळीला. चौथ्या रात्री छाती दगडासारखी झालेली, स्तनाग्रं सोलवटलेली, बाळ तोंड लावायचं, सोडायचं आणि किंचाळायचं. पहाटे तीनला मी फोनवर डबा ऑर्डर करायला निघाले होते.

सकाळी शेजारची मडगावची आंटी मेथीची पेज घेऊन आली. पेज टेबलावर ठेवून आधी माझं कोपर धरलं, खाली उशी सरकवली, आणि बाळाचं नुसतं तोंड नव्हे, अख्खं बाळ माझ्याकडे वळवलं, पोटाला पोट लावून. म्हणाली, मान मुरगळून तुला पाणी पिता येईल का? मग बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबली आणि त्याला एकदम जवळ ओढलं. दुखलं, पण कालच्यासारखं नाही. थोड्या वेळाने गिळल्याचा आवाज ऐकू आला. आंटी चार दिवस येत राहिली. माझं अंगावर पाजणं टिकलं ते तिच्यामुळे. त्यात माझी पुण्याई वगैरे काही नाही.

ब्रिटनच्या 2010 च्या सर्वेक्षणात 81 टक्के बायकांनी अंगावर पाजायला सुरुवात केली होती. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईच्या दुधावर राहिलेली बाळं होती सुमारे एक टक्का. पुढे ते देशव्यापी सर्वेक्षणच बंद केलं. (आरसा आवडला नाही की उतरवून ठेवावा, तसं.) भारतात 2019-21 च्या पाहणीत सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी 63.7 टक्के निव्वळ आईच्या दुधावर होती. दोन्ही आकडे वेगळ्या तऱ्हेने मोजलेले, तेव्हा शेजारी ठेवताना जपून. पण इथल्या आईला मायेची कमतरता आहे आणि तिथल्या आईला नाही, असं तर कुणी म्हणणार नाही ना? फरक आहे तो उशी सरकवणाऱ्या हाताचा.

म्हणून आपल्याकडे सगळं छान, असंही नाही. त्याच पाहणीत देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि जन्मल्यापासून तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली बाळं होती 41.8 टक्के. इतक्या डॉक्टर-नर्सच्या देखत पहिला तास जातो कुठे? बहिणीचं सिझेरियन झालं. तसं झालं की दूध उतरायला अनेकदा उशीर होतो. तिला तीन दिवस भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "दूद पुरता गो?" बाळाला नीट कसं धरायचं हे मात्र कुणी दाखवलं नाही, आणि घरी सोडताना चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून मिळालं. चीक म्हणजे ते पहिलं पिवळसर घट्ट दूध, दिसायला चमचाभर, पण रोगाशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली. ते चमचाभर पाहूनच लोक "पुरत नाही" म्हणतात.

कायद्यांची गंमत वेगळीच. आपला 1992 चा कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्याची जाहिरात आणि फुकट नमुने दोन्ही बंद करतो. इथे पहिल्या सहा महिन्यांच्या डब्याची जाहिरात बंद, पण सहा महिन्यांनंतरच्या डब्याची टीव्हीवर चालते, आणि दोन्ही डबे दिसतात सख्ख्या भावांसारखे. रजेत कागदावर आपण बरे: 2017 पासून 26 आठवडे, पूर्ण पगारी. इथे पगार 39 आठवडे, पण सहा आठवड्यांनंतर हातात येते ती बेताची ठरीव रक्कम. फक्त बहीण वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटावर होती, आणि तिला सातवा महिना असताना कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. तिला आता नवी नोकरी शोधायची आहे. मावशीच्या व्हिडिओत हे नव्हतं.

आईच्या दुधाची बाजू मी सोडत नाही. बेलारूसमध्ये नव्वदच्या दशकात सतरा हजार माय-लेकरांवर मोठी चाचणी झाली. जिथे बायकांना पाजायला नीट मदत दिली, तिथे बाळांना पहिल्या वर्षात जुलाब आणि इसब कमी झाले. आईलाही फायदा आहे: एकूण बारा महिने पाजलं की स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी घटतो. पण त्याच बेलारूसमध्ये ती मुलं मोठी झाल्यावर लठ्ठपणा काही कमी दिसला नाही. तेव्हा डब्यावर वाढलेलं पोर आयुष्यभर मागे पडणार, ही भीती कुणा ओल्या बाळंतिणीला घालू नये. डब्याचा खरा धोका पाण्यात आणि मापात असतो. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी फार निवू न देता निदान 70 अंशांचं असतानाच ती घालायची. आणि डबा महाग पडतो म्हणून एक चमचा कमी, हे तर अजिबात नको.

राहता राहिली मावशी. तिच्या स्वयंपाकघरात फळीवर पत्र्याचा एक जुना डबा आहे, रंग उडालेला, त्यात ती सोलां (आमसुलं) ठेवते. लहानपणी मी त्यावरच्या गुटगुटीत बाळाचं चित्र बघत बसायचे. मावसभाऊ त्याच डब्यावर वाढला. आता पणजीला बँकेत आहे, धडधाकट. ग्रुपवर मी हे लिहिलं आणि मग पुसून टाकलं. तिलाही त्या वेळी कुणी कोपर धरून दाखवलं नसेल.

रविवारी बहिणीला व्हिडिओ कॉल केला. आता रात्री ती अंगावर पाजते, दिवसा डबा. मी विचारलं, रात्री सोबत कोण उठतं? "आई," ती म्हणाली. मागे आमचे बाबा दिसत होते, ओट्यापाशी, चष्मा नाकावर. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवर, तीस वर्षं कंडक्टर होते. चमच्यातली पावडर सुरीच्या पाठीने सपाट करत होते आणि सुटे पैसे मोजावे तसे मोठ्याने मोजत होते: एक, दोन, तीन.