मोबाईलवर कसलं आलंय रसायनशास्त्र?

आज एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले, "मोबाईलवर कसलं आलंय रसायनशास्त्र? हात भाजल्याशिवाय विज्ञान येत नाही." टाळ्याही पडल्या. तिथे बोलायची सोय नव्हती, म्हणून इथे बोलतोय.

अहो साहेब, हात भाजायला आधी बर्नर पेटावा लागतो! आमच्या चोपड्याकडे मी अशी प्रयोगशाळा पाहिलीय, जिचं कुलूप थेट प्रॅक्टिकल परीक्षेला निघतं. ब्युरेट (द्रावण थेंब थेंब सोडायची खुणांची नळी) गळकं, गॅस नाही, जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण. ते कसं होतं, हे तुम्हाला मी काय सांगू.

माझ्याकडे शिकवणीला एक पोरगी येते, बारावीची. आईवडील केळीच्या बागेत मजुरीला. रात्री जेवणं आटोपली की घरातला एकुलता एक फोन तिच्या हाती येतो. त्यावर ती 'ओलॅब्ज' उघडते. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकनं बनवलेली ही प्रयोगशाळा फुकट आहे. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून प्रमाण मोजणं, तिनं तिथे इतक्यांदा केलं की आकडेमोड तोंडपाठ.

मग मी खरं ब्युरेट मिळवलं. फ्लास्क गरम करून तिनं परमँगनेटचा पहिला थेंब सोडला. रंग जाईना. दुसरी पोरं गडबडली असती. ही थांबली. हळूहळू रंग गेला, आणि पुढचे थेंब पडताक्षणी नाहीसे व्हायला लागले. का? तर क्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच त्या क्रियेला वेग देतात. हे तिनं मला सांगितलं, मी तिला नाही!

बरं, तोटी फिरवायचं कसब स्क्रीनवर येत नाही, हे कबूल. शेवटी तिच्या हातून जास्तच सुटलं. "सर, भलतंच गुलाबी व्हई गयं!" आम्ही दोघंही हसलो. पुन्हा केलं, जमलं.

या पोरीला तुम्ही 'मोबाईलमध्ये डोकं घालणारी पिढी' म्हणणार?

राग खरा कुठे काढायचा तर भाषेवर. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प 2002 पासून आहे. त्याची बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून पाहायचे प्रयोग, मराठीत उघडतात, डाउनलोड केली की नेटशिवायही चालतात. समीकरण संतुलित करायचं आहे, पीएचचं आहे. पण वर्गात कुणी दाखवतच नाही. आणि मराठीतले चांगले रसायनशास्त्राचे व्हिडिओ? पोरं शोधून दमतात, शेवटी हिंदीतल्या कुठल्यातरी आरडाओरडा करणाऱ्या मास्तरावर येऊन थांबतात. आपल्या इथे एमएस्सी झालेले काय कमी आहेत? एखादा धडा तरी रेकॉर्ड करा की!

असो. चोपडा, यावल, शिरपूरकडे कुणाकडे चालू अवस्थेतला जुना टॅब पडून असेल तर इनबॉक्स करा. चार्जरसकट द्या, मागचा टॅब त्याच्यावाचूनच आला होता.