घडी बंद आहे तुमची

माझ्या मनगटावरचे घड्याळ बंद पडले आहे, ही बातमी मला आजवर इतक्या लोकांनी दिली आहे की त्या सर्वांना जेवायला बोलावायचे ठरवले तर मंगल कार्यालयच घ्यावे लागेल. बँकेतल्या रोखपालाने दिली, एका साखरपुड्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या अनोळखी गृहस्थाने दिली, आणि नागपुरातल्या गोकुळपेठेच्या बाजारात संत्री विकणाऱ्या मावशींनी तर सुटे पैसे परत देता देता दिली. "घडी बंद आहे नं भाऊ तुमची," असे त्या इतक्या हळहळून म्हणाल्या की त्यांनी एक संत्रे वर टाकले.

यात त्यांचा दोष नाही. माझे घड्याळ क्रोनोग्राफ जातीचे, म्हणजे पोटात स्टॉपवॉच बाळगणारे आहे, आणि त्याच्या तबकडीवर मधोमध दिमाखाने उभा असलेला लांब सेकंदकाटा रोजच्या वेळेचा नसून त्या स्टॉपवॉचचा आहे. बटण दाबेपर्यंत तो बाराच्या अंकावर स्तब्ध उभा राहतो. खरा सेकंदकाटा डावीकडच्या छोट्या तबकडीत मुंगीच्या पावलांनी फिरत असतो; पण दुसऱ्याच्या मनगटावर ओझरती नजर टाकणाऱ्याला मुंगी दिसत नाही, उभा खांब तेवढा दिसतो.

"मग तो मोठा काटा चालूच ठेवा नं, म्हणजे लोक विचारणार नाहीत," असा व्यवहारी सल्ला पत्नीने दिला होता. पाहुणे येतील म्हणून दिवसभर चहाचे आधण उकळत ठेवण्यासारखे हे आहे, असे मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली की आधणाचा निदान चहा तरी होतो.

वस्तुतः त्या काट्याचे सारे सौंदर्य तो निघण्यात, थांबण्यात आणि परतण्यात आहे. वरचे बटण दाबले की आत एक तरफ सरकते आणि दोन्ही टोकांना दाते असलेली एक इवलीशी दांडी केसभर कलते. तिचे एक टोक आधीपासून फिरणाऱ्या चाकात गुंतलेलेच असते. दुसरे टोक कलल्यामुळे स्टॉपवॉचच्या चाकात जाऊन बसते आणि काटा चालू लागतो. ही युक्ती स्विस घड्याळजी एदुआर ह्यूअर यांनी १८८७ साली पेटंट करून घेतली, आणि माझ्या घड्याळातल्या व्हॅल्जू ७७५० या यंत्रात ती आजही इमानेइतबारे कलते आहे. काटा सेकंदाला आठ बारीक पावले टाकतो. पुन्हा बटण दाबले की थांबतो. मग खालचे बटण दाबायचे, आणि इथे मला दर वेळी मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात. स्टॉपवॉचच्या प्रत्येक काट्याच्या दांड्यावर पत्त्यांतल्या बदामासारखी एक चकती बसवलेली असते. तिच्यावर छोटी हातोडी आदळते, आणि काटा कुठेही असला तरी बदाम घसरत घसरत आपल्या खोलगट बाजूवर येऊन हातोडीला टेकतो व काटा शून्यावर येतो. सेकंदाचा आणि मिनिटांचा दोन्ही काटे एकाच क्षणी, एकाच 'टक्' अशा आवाजात. आमच्या घरातली कोणतीही वस्तू एका फटक्यात जागेवर गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

शौकिनांतले कर्मठ लोक या यंत्राला नाक मुरडतात. त्यांना बटणाचा हुकूम आत पोचवायला बुरुजासारखे खांब असलेले चाक, म्हणजे कॉलम व्हील, लागते. माझ्या घड्याळात त्या कामाला साधी सरकती चकती, म्हणजे कॅम, आहे आणि त्यामुळे पहिले बटण जरा कडक दाबावे लागते. दाबावे लागते खरे. मला त्यात दार उघडल्याचे समाधान मिळते.

खरी पंचाईत मोजायचे काय, ही आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ हे यान संकटात सापडले असताना परतीचा मार्ग सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद पेटवायचे होते, आणि अंतराळवीर जॅक स्विगर्ट यांनी ते सेकंद मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टर या क्रोनोग्राफवर मोजले. माझ्याकडे असे काम येत नाही. आमच्या घरात वेळेचे प्रमाणित एकक कुकरची शिट्टी हे आहे. डाळीला तीन आणि छोल्यांना सहा. तबकडीच्या कडेला वेग मोजायची पट्टीही आहे: एक किलोमीटर ४५ सेकंदांत गेला तर काटा ८० वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरवर दिसतो. पण ती पट्टी साठाच्या खालचा वेग जाणत नाही, त्यामुळे संध्याकाळच्या सीताबर्डीत तिचा उपयोग फक्त शोभेचा.

मागच्या महिन्यात मी बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास तापाने आडवा झालो आणि घड्याळ कपाटावर काढून ठेवले. शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांच्या गाडीने अमरावतीला लग्नाला जायचे होते. निघताना घड्याळ हाती चढवले, तेव्हा त्यात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. स्वयंपाकघरातून पत्नी "पाच वाजत आले हो" असे ओरडत होती. परंतु तिथले भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले असते, म्हणून मी निवांतपणे आणखी एक कप चहा घेतला. मोबाइल खिशात होता. तो काढून वेळ पाहणे म्हणजे घरी सुगरण असताना डबा मागवण्यासारखे झाले असते.

व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला ऑटोवाल्याने आरशातून माझ्या मनगटाकडे पाहिले.

"काका, घडी बंद आहे तुमची. पाच वाजून गेले नं."

मी त्याला छोटा काटा दाखवला. फिरत होता. मग झिरो माइलजवळ ऑटो बाजूला घ्यायला लावून, तिथल्या घोड्यांच्या चार पुतळ्यांकडे बोट करून मी त्याला सांगितले की निकोला र्‍यूसेक नावाच्या घड्याळजीने १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत आपले यंत्र वापरले, ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे, आणि म्हणूनच त्याला काळ लिहिणारा, म्हणजे क्रोनोग्राफ, हे नाव पडले. ऑटोवाल्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "सावकाश चला," असे मी म्हणालो, आणि तो सावकाश चालला.

स्टेशनवरच्या घड्याळात ५ वाजून २८ मिनिटे झाली होती.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. या यंत्रात बेचाळीस तासांची चावी साठते. बुधवारी सकाळी दहाला काढलेले घड्याळ शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास, कारखान्याने दिलेल्या शब्दाला जागून थांबले. तारीख आणि वारही तोवर बदलून बरोबर झाले होते. संध्याकाळी मनगटाच्या हालचालीने आतले चावी देणारे फिरते वजन, म्हणजे रोटर, फिरला आणि ते जिथे थांबले होते तिथून मुकाट्याने पुढे चालू लागले. इतकी नेमकी चूक साध्या घड्याळाकडून होणे नाही, हे मला तशाही स्थितीत जाणवले, आणि मी ते बोलूनही दाखवले.

ऑटोवाल्याने पैसे मोजून खिशात ठेवले.

"आता दाबा नं काका ते बटण," तो म्हणाला, "गाडी जाऊन किती वेळ झाला, ते मोजाले."

मी दाबले. पहिला दाब नेहमीप्रमाणे जरा कडक लागला, पण काटा मोठ्या डौलात निघाला.