‘पाच मिनिटांच्या कामाचे 2,500’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

शुक्रवारी संध्याकाळी तक्रार आली आणि आमचा माणूस सोमवारी पोचला. हे चुकलंच, माफी असावी. पण ‘ओपन प्रोटोकॉल म्हणून गळ्यात मारलं, एक मीटर बदलला तर चौदाही बंद, वर पाच मिनिटांच्या कामाचे 2,500 उकळले’ असं तुम्ही मॉडबसबद्दल, म्हणजे मीटरांशी बोलायच्या भाषेबद्दल, लिहिलंत. ते नवीन गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून बोलावं लागतंय.

चौदा नाही, 6 ते 14 नंबरचे नऊ वीजमीटर बंद होते. आरएस-485 ची लाइन (मीटरांचे आकडे नेणारी ए आणि बी वायरींची जोडी) एका मीटरवरून पुढच्यावर जाते, त्यामुळे मधल्या मीटरच्या ए आणि बी टर्मिनलखाली दोन-दोन वायरी असतात. 6 नंबरचा मीटर बदलताना तुमच्या इलेक्ट्रिशियनने आलेली जोडी बसवली आणि पुढे जाणारी ट्रंकिंगमध्ये (वायरींच्या पट्टीत) तशीच सोडली. पीएलसी (मीटर वाचणारा कंट्रोलर) प्रत्येक बंद मीटरला तीनदा विचारतो, दरवेळी एक सेकंद वाट बघतो. नऊ त्रिक सत्तावीस सेकंद! म्हणून चालू पाच मीटरांचे आकडेही अर्ध्या मिनिटाने हलायचे आणि सगळंच अडकल्यासारखं दिसायचं.

हे शोधायला सप्लाय बंद करून पीएलसीपाशी ए-बी मध्ये ओहम मोजावे लागतात. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर आहेत, लाइन अखंड असेल तर दोन्ही समांतर जोडलेले असल्याने साधारण 60 येतात. आले 120. म्हणजे पलीकडचं टोक तुटलेलं. कुठे, ते मग एकेक मीटर उघडून. वायर आवळायची पाच मिनिटं तुम्ही पाहिलीत. आधीचा दीड तास तुम्ही जेवायला गेला होतात.

त्यानंतरही दुसऱ्या मेकचा हा नवा मीटर बोलेना. आपल्या लाइनचा वेग 9600, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट). मीटर आलेला नो पॅरिटी, पत्ता 1. नुसती पॅरिटी जुळवली असती तर हा आणि 1 नंबरचा मीटर एकदम उत्तर देऊन सीआरसी एरर (संदेश बिघडल्याची खूण) सुरू झाली असती, म्हणून आधी पत्ता 6 केला. मॅन्युअल बघून पीएलसीत रजिस्टर (मीटरमधले आकड्यांचे कप्पे) बदलले, तर व्होल्टेज 0.00. या मेकमध्ये 32 बिटी फ्लोटचे (दशांश आकड्याचे) दोन वर्ड, म्हणजे 16-16 बिटांचे तुकडे, उलट क्रमाने येतात. 230 म्हणजे हेक्समध्ये 4366 आणि 0000. उलटे वाचले की शून्यच दिसणार. पीएलसीत वर्ड फिरवले तेव्हा आकडा आला.

मॉडबस 1979 पासून आहे, स्पेसिफिकेशन फुकट मिळतं, लायसन्स लागत नाही. ओपन ते एवढ्या अर्थाने. व्होल्टेज कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचं ते प्रत्येक मीटर कंपनी आपापलं ठरवते. आणि दुसऱ्या मेकचा मीटर आज त्याच लाइनवर चालतोय की नाही, ते तुम्हीच बघा.

फोनवर ‘काही बदललंय का?’ असं तीनदा विचारलं, तीनदा ‘काहीच नाही’ ऐकलं. मीटरचं नाव जरी काढलं असतंत तरी वायर कुठे बघायची ते फोनवरच सांगितलं असतं, एक रुपया न घेता.

शनिवार-रविवारी फोनला कुणीतरी ठेवायचं बघतोय. पत्ते, पॅरिटी आणि रजिस्टरचा तक्ताही पॅनलच्या दारात लावून देऊ, पुढच्या खेपेला. तोवर 14 नंबरच्या मीटरवरचा छोटा रेझिस्टर कुणाला काढू देऊ नका.