आत्याच्या गोळ्या आणि सोमवारचा पांढरा रंग

"रोज २० मिनिटं मंडल रंगवा, २१ दिवसांत बीपी आणि शुगर कायमची विसरा." या ओळीने सुरू होणारा मेसेज सध्या नाशकातल्या ग्रुपांवर धुमाकूळ घालतोय. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. वर कमळासारखं एक रंगीत वर्तुळ (हेच ते मंडल, वर्तुळात आखलेली नक्षी), खाली हात जोडलेले इमोजी आणि शेवटी "११ जणांना पाठवा". एरवी असलं काही मी न वाचता पुढे सरकवते. पण पंचवटीतल्या माझ्या आत्याने तो नुसता वाचला नाही, अमलात आणला. म्हणून हा खटाटोप.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी सारांश देते. मंडल मधून बाहेर, घड्याळाच्या दिशेनेच रंगवायचं. रंग वाराप्रमाणे: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवा वगैरे. बीपीवाल्यांनी लाल टाळायचा, निळा भरपूर वापरायचा. रेषेबाहेर रंग गेला तर नकारात्मक ऊर्जा घरात राहते, तेव्हा ते पान लगेच फाडायचं. पूर्ण झालेलं पान वाहत्या पाण्यात सोडायचं. फुलं, पक्षी, देखावे रंगवून उपयोग शून्य, मंडलच हवं. दुसऱ्या आठवड्यापासून गोळ्या हळूहळू बंद करायच्या, कारण "शरीर स्वतःच बरं व्हायला शिकतं". हे सगळं अमेरिकेतल्या विद्यापीठाने सिद्ध केलंय म्हणे, परदेशात डॉक्टर लिहून देतात म्हणे, युंग नावाच्या डॉक्टरने ते भारतातून नेलं म्हणे, आणि खास किट २,४९९ रुपयांना. लिंक खाली.

गोळ्यांपासून सुरू करते. बाकीचा मूर्खपणा थांबू शकतो, हा नाही.

आत्याचं बीपी जुनं आहे. रोज सकाळी चहानंतर एक गोळी, आणि दंडाला पट्टा बांधून मोजायचं मशीन घरातच. परवा फोनवर म्हणाली, "अगं, गोळी सोडून तीन दिवस झाले आणि आकडा बघ, १२८/८२. रंगांनीच उतरलं की नाही?" आवाजात इतका आनंद की ओरडायचं जिवावर आलं. तरी ओरडले.

तिची गोळी आहे अ‍ॅम्लोडिपिन. अर्ध्या महाराष्ट्राच्या डब्यात हीच असते. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. सोमवारी सकाळी घेतलेल्या गोळीचा बराचसा अंश बुधवारीही काम करत असतो. तीन दिवसांनी आकडा बरा दिसला तर ती त्या शिल्लक औषधाची कमाई आहे, आणि आपण श्रेय देतोय निळ्या पेन्सिलीला. औषध पुरतं उतरून दाब पुन्हा चढू लागेपर्यंत माणसाची खात्री पटलेली असते, त्याने आणखी ११ जणांना पाठवलेलंही असतं.

दुसरी गोष्ट, आत्या बीपी मोजते कधी? रंगवून झाल्या झाल्या. आता बीपी मोजण्याचा नियमच असा आहे की आधी निदान ५ मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. एकाच खुर्चीत वीस मिनिटं निवांत बसलेल्या माणसाचा आकडा स्वयंपाकघरातून धावत आलेल्या माणसापेक्षा कमी येणारच. बसून मटार सोलले असते तरी आला असता. तो त्या क्षणाचा आकडा आहे. पहाटे चार वाजता, भांडण झाल्यावर, जिना चढताना काय असतं ते मंडलाला माहीत नाही.

आणि सगळ्याच गोळ्या अशा सावकाश उतरत नाहीत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर छातीत धडधड सुरू होते, आणि ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे त्याला थेट झटक्याचा धोका. क्लोनिडिन अचानक सोडली तर दाब पूर्वी होता त्याच्याही वर उसळतो. मेसेज लिहिणाऱ्याला वाचणारा कुठली गोळी घेतो हे ठाऊक असतं का? "हळूहळू बंद करा" म्हणजे किती हळू, आणि ठरवणार कोण, ग्रुपचा अ‍ॅडमिन? बीपी दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. काही जाणवत नाही म्हणून माणूस सुटलो समजतो आणि एके दिवशी तोंड वाकडं झालेलं घरच्यांना दिसतं.

शुगरचं तर गणितच बसत नाही. डॉक्टर जी एचबीए१सी तपासणी सांगतात ती साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात. २१ दिवसांत शुगर "कायमची" गेली हे या तपासणीत नीट उमटणारसुद्धा नाही, सिद्ध व्हायची बात सोडा.

आत्याने त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि गोळी पुन्हा सुरू झाली. डॉक्टर काय बोलले ते ती मला सांगत नाही.

आता वारांचे रंग. सोमवारी पांढरा. पांढऱ्या कागदावर. मी दोनदा वाचलं. म्हणजे सोमवारी माणसाने कोऱ्या वर्तुळावर वीस मिनिटं पांढरी पेन्सिल घासायची आणि काही दिसलं नाही तरी मन शांत झालं असं समजायचं. मंगळवारी लाल, पण बीपीवाल्यांना लाल वर्ज्य, मग आत्याने मंगळवारी करायचं काय याचं उत्तर मेसेजात नाही. तिने ग्रुपवर विचारलं तर कोणीतरी म्हणे, "गुलाबी वापरा ताई, तो लालाचा सौम्य प्रकार आहे."

लाल बघून रक्तदाब बिघडत असता तर हातात लाल पिशवी घेऊन बाजारात जायची सोय उरली नसती. आपण नाशिककर तर रंगपंचमीला रहाडी उघडतो. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा. पेशवेकाळापासून चालत आलेले हे हौद, ज्याचा त्याचा रंग ठरलेला, आणि माणसं धप्पा मारून गळ्यापर्यंत त्यात बुडतात. कोणाची कुठली व्याधी कुठल्या रहाडीच्या रंगाने बरी झाली असं जुन्या नाशकातल्या कट्टर माणसानेही कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मजा येते म्हणून उड्या मारतात, तेवढं कारण त्यांना पुरतं.

रंगांचा मनावर काहीच परिणाम होत नाही असं मला म्हणायचं नाही. एखादी निळी छटा बघून बरं वाटतं, एखादी बघून शाळेचा गणवेश आठवतो. पण ते ज्याचं त्याचं. त्यातून वारांचं वेळापत्रक काढणारा मनाने कॅलेंडरवाला आहे. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंगही वर्तमानपत्रातून घराघरांत आले, पण निदान त्यापायी कोणी औषध सोडलं नाही.

यापेक्षा मला जास्त चीड आली ती फाडलेल्या पानांची. आत्याकडे गेले तेव्हा टेबलावर झेरॉक्स काढलेल्या मंडलांचा गठ्ठा होता आणि खाली केराच्या टोपलीत तुकडे. एक तुकडा उचलून पाहिला. पाकळी छान भरली होती, जांभळ्यावर हलकी निळी छटा, कडेला रंग गडद करत नेलेला. टोकापाशी पेन्सिल रेषेच्या जरा पुढे सरकली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढ्यासाठी पान फाडलं. आत्याचा हात वयाने थोडा थरथरतो. म्हणजे रेषेबाहेर रंग जाणार, रोज जाणार. आणि मेसेज तिला रोज सांगणार की बाई, तुझ्या घरात आज नकारात्मक ऊर्जा राहिली. ज्या कामाने मन शांत व्हायचं त्यालाच सोवळं-ओवळं लावून ठेवलं. "मग रात्री झोपताना ते पानच डोळ्यापुढे येतं गं," असं ती म्हणाली तेव्हा हा मेसेज ज्याने बनवला त्याला समोर बसवून दिवसभर सोमवारचं मंडल रंगवायला लावावं असं मनात आलं.

वाहत्या पाण्यात सोडायचं म्हणजे आपल्याकडे गोदावरीत. तेलखडूत मेण असतं, स्केचपेनात रासायनिक रंग. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नदी स्वच्छ व्हावी म्हणून एकीकडे आपणच तावातावाने बोलतो. पानं रद्दीत द्या, नाहीतर भिंतीला लावा.

"अमेरिकेतल्या विद्यापीठाने सिद्ध केलंय" याच्या मागे लागले, कारण एरवी अशा वाक्यामागे काहीच नसतं. इथे चिमूटभर आहे, ते मान्य करते. २००५ मध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांनी इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजच्या ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी मुलांना आपल्या आयुष्यातला भीतीदायक प्रसंग लिहायला लावून अस्वस्थ केलं. मग तीन गट पाडून २० मिनिटं रंगवायला दिलं: एका गटाला मंडल, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी, तिसऱ्याला कोरा कागद. मेसेजातली २० मिनिटं बहुधा इथूनच उचललेली.

निकाल असा: मंडलवाल्यांची अस्वस्थता कमी झाली. चौकड्यावाल्यांचीही तेवढीच कमी झाली. कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे मेसेज ज्या अभ्यासाच्या जिवावर "मंडलच हवं" म्हणतो, तोच अभ्यास चौकड्या चालतात असं सांगतो! महत्त्वाचं दिसतं ते एवढंच की आखणी तयार असावी, थोडी गुंतागुंतीची असावी, काय काढू याचा विचार करावा लागू नये आणि तरी लक्ष कागदावर राहावं. २०१२ मध्ये दुसऱ्या एका जोडीने तसाच प्रयोग केला तेव्हा मंडलाचं पारडं चौकड्यांपेक्षा जड निघालं. असेल. त्यातही घड्याळाची दिशा नव्हती आणि वार नव्हते.

करी-कॅसर यांनी मोजलं काय, तर प्रश्नावली भरून घेऊन त्या वेळची मनाची अस्वस्थता. बीपीची कायमची सुट्टी त्यात कुठे नाही, शुगर नाही, गोळ्या नाहीत, २१ दिवस नाहीत. एका बैठकीत कॉलेजच्या पोरांना जरा बरं वाटलं, यावरून पंचवटीतल्या सत्तरीच्या बाईची औषधं बंद करायची ही झेप ज्याची त्याला लखलाभ. "परदेशात डॉक्टर लिहून देतात" हेही असंच. प्रशिक्षित माणसाबरोबर होणारा कलोपचार ही वेगळी गोष्ट, आणि घरी बसून वही रंगवणं म्हणजे कलोपचार नव्हे, हे अमेरिकेतल्या कलोपचार करणाऱ्यांची संघटनाच सांगते.

युंगबद्दल, म्हणजे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगबद्दल, दोन वाक्यं. मंडलाची परंपरा आपली, तिबेटी बौद्धांची, हे खरंच आहे. पण युंगने पहिलं मंडल काढलं १९१६ मध्ये आणि तो भारतात आला १९३७ च्या अखेरीस, तेव्हा इथे येऊन शिकून गेला ही गोष्ट तारखांतच अडकते.

उरलं किट. लिंकवर जाऊन पाहिलं: २४ रंगीत पेन्सिली, छापील मंडलांची वही, कापडी पिशवी आणि एक "ऊर्जायुक्त" शार्पनर. मेनरोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात २४ पेन्सिलींची बरी पेटी आणि जाडसर कागदाची रंगवायची वही घ्या, किटच्या रकमेतली बरीचशी खिशात राहील. झेरॉक्सच्या कागदावर स्केचपेन वापरू नका, मागे फुटतं आणि खालचं पानही डागाळतं, पेन्सिली चालतात. उजव्या हाताने रंगवत असाल तर दिवा डावीकडे, नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर पडते. पेन्सिल दाबू नका, हलका हात दोन-तीनदा फिरवला की छटा छान येते आणि मनगटही दुखत नाही. फोन दुसऱ्या खोलीत. मी रात्री जेवणं आटोपली की बसते आणि सध्या एक मोर रंगवतेय, मेसेजच्या मते उपयोग शून्य असलेला, त्यातही पिसारा निम्मा केशरी.

आत्यालाही आता पक्ष्यांची वही दिलीय. बीपी सकाळी मोजायचं, रंगवायचं संध्याकाळी, दोन्हीचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही, असं ठरलंय. पाळेल की नाही सांगता येत नाही, कारण काल तिच्या भजनी मंडळात कोणीतरी विचारत होतं की पोपट हिरवा असतो तर तो बुधवारीच रंगवायचा का.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी आज त्याच ग्रुपवर, त्याच ११ जणांना आणखी एक ओळ पाठवावी: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. हात जोडलेले इमोजी टाकले नाहीत तरी चालेल.